बादल आणि पोतं : वेचाईआधीच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५

बादल आज चार महिन्यांचा झाला. जर्मन शेफर्ड, नर. कापसाच्या काट्याला झोळी लावून वजन केलं, १७ किलो भरलं. या जातीचा नर पूर्ण वाढला की ३० ते ४० किलोंपर्यंत जातो. पुढचे पाय अंगावर टाकून स्वागत करायची त्याची सवय सध्या घरात सगळ्यांना गोड वाटते. आत्याबाईंच्या (माझ्या सासूबाई) गुडघ्यांकडे पाहिलं की मला ती गोड वाटत नाही.

पार्व्हो-डिस्टेंपरच्या लशीचा शेवटचा डोस झाला, आता त्याला गावात जमिनीवर चालवायला हरकत नाही. तोवर खाली सोडला नव्हता, पण काखेत घेऊन आठवडी बाजार, पिठाची गिरणी, एसटी स्टँड असं सगळं दाखवून आणलं होतं. पिल्लाचं मन नव्या गोष्टींना सहज उघडं असतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत. लस पूर्ण होईपर्यंत घरात कोंडून ठेवलं तर तो काळ वाया जातो.

आता काम. दिवाळीच्या मागंपुढं सीतादही (पहिल्या वेचाईची पूजा) होईल आणि वेचाईच्या बाया वावरात येतील. आमच्या सेलू तालुक्यात (जिल्हा वर्धा) कापूस पिकवण्यापेक्षा तो वेचायला बाया मिळवणं अवघड. वावरात मोठं कुत्रं मोकळं दिसलं की बाया धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, परत फिरतात आणि दुसऱ्याच्या वावरात जातात. तेव्हा या कुत्र्याने शिकायची गोष्ट एकच: पंधरा-वीस बाया पऱ्हाटीत (कापसाच्या झाडांत) फिरत असताना धुऱ्यावर गप पडून राहणं. मोठ्याला (माझा मुलगा, सहावीत आहे) शेकहँड शिकवायचाय. शिकवू दे बापडा. या नोंदींत शेकहँड येणार नाही.

शब्द ठरवले ते भिंतीवर खडूने लिहिले: बैठ, लेट, थांब, ये, सोड, पोतं (म्हणजे पोत्यावर जाऊन पड). सुटी द्यायची तेव्हा ‘सुट्टी’. ‘बस’ मुद्दाम टाळला, आमच्याकडे आल्यागेल्याला तो दिवसभर म्हटला जातो. काम बरोबर झालं त्या क्षणाला ‘यस’ म्हणायचं आणि मग खाऊ.

७ ऑगस्ट

‘बैठ’ सोपं. खाऊ नाकासमोरून वर आणि थोडा मागं न्यायचा, डोकं वर गेलं की बूड आपोआप खाली जातं. टेकलं की लगेच ‘यस’. इथं सेकंदाचा हिशोब आहे. उशीर झाला तर बसून पुन्हा उठल्याबद्दल बक्षीस मिळतं आणि कुत्रं उठणं शिकतं. ‘लेट’ला बसलेल्या स्थितीत हात पुढच्या दोन पायांच्या मध्ये जमिनीपर्यंत आणि मग थोडा पुढं. पाठीवर हाताने दाबून बसवायचं नाही. दाबलं की ते उलट जोर लावतं, आणि वाढत्या वयात कंबरेवर तसा जोर या जातीला नकोच. शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष मुळातच जास्त आढळतो.

खाऊ म्हणून उकडलेली कलेजी, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. ओसरीवर असताना भाकरीचा तुकडाही चालतो. गोठ्यात शेणाचा, ढोरांचा वास सुटलेला असतो, तिथं भाकरीकडे तो बघतही नाही. त्यामुळे जागा जितकी अवघड तितका खाऊ भारी. कांदा-लसणाच्या फोडणीतलं काही द्यायचं नाही, तो त्यांच्या रक्ताला बाधतो. हे आत्याबाईंना सांगितलं. ‘एवढ्याशानं काय होते’ म्हणाल्या, पण उरलेली भाजी आता गाईकडे जाते.

मामाजींचं (माझे सासरे) मत वेगळं. “कुत्र्याले रोज दोन मिरच्या चारा, मंग पाहा कसा तिखट होते.” मिरचीने कुत्र्याचं पोट बिघडतं, बाकी काही होत नाही. दिवसभर साखळीला बांधून ठेवला तर मात्र खरंच तिखट होतो आणि मग घरचं माणूसही ओळखत नाही. गावात अशी दोन-तीन कुत्री आहेत.

१२ ऑगस्ट

आज काकाजींकडून जे मिळालं ते सविस्तर लिहून ठेवते.

काकाजी आमचे सालदार, वर्षाच्या बोलीवर शेतात काम करणारे. आसपासच्या गावांतले लोक गोऱ्हे (तरणे बैल) वखराला लावायचे असले की त्यांना बोलावतात. मी अंगणात बादलला शिकवत होते, तो कंटाळला, गवत चघळायला लागला, तरी माझं चालूच होतं. काकाजी वैरण टाकता टाकता थांबले. म्हणाले, “गोऱ्हा थकाच्या आंधीच सोडा लागते, सूनबाई. थकल्यावर सोडलं त दुसऱ्या दिवशी जू पाहूनच आडवा होते.”

मग त्यांना विचारत गेले. गोऱ्ह्याला आधी नुसतं जू खांद्यावर ठेवून उभं करतात, मागं काही नाही. मग जुन्या, शांत बैलाशेजारी जुंपतात. मग ओझं म्हणून लाकडाचा ओंडका. वखर सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक टप्प्यावर थोडं काम झालं की मोकळा. “अन् मारू नका. पयल्या दिवशी मारलं त तो मार ध्यानात ठेवते, काम नाई.”

फरक एवढाच की गोऱ्ह्याला खाऊ नसतो. कासरा ताणतात आणि तो वळला की सैल सोडतात, ताण सुटणं हेच त्याचं बक्षीस. कुत्र्याला मी पोटाच्या बाजूने शिकवतेय. पण टप्पे पाडणं, वेळेवर सोडणं आणि बरोबर झाल्याच्या क्षणीच सोडणं, हे तिन्ही काकाजींना कुठलं पुस्तक न वाचता ठाऊक आहे.

आजपासून एक बैठक तीन ते पाच मिनिटांची. दिवसातून काही वेळा, जेवणाआधी. जेवणानंतर तासभर तरी पळापळ नाही. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो आणि तो जिवावर बेततो.

१८ ऑगस्ट

पऱ्हाटीवर फवारणी सुरू. बादलचं वावरात जाणं बंद. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले, तेव्हापासून आमच्याकडे मास्क-हातमोज्यांशिवाय पंपाला हात लावत नाहीत. कुत्र्याचे पाय मात्र उघडेच असतात आणि ते तो चाटतो.

घरात ‘सोड’ घेतलं. मूठभर खाऊ, मूठ बंद. तो चाटतो, पंजा मारतो, दात लावतो, आपण गप्प. तोंड बाजूला नेलं की ‘यस’, आणि खाऊ दुसऱ्या हातातून. मुठीतला कधीच नाही. हे जमलं की खाऊ उघड्या तळव्यावर, मग जमिनीवर, मग चालता चालता वाटेत. उंदरांसाठी ठेवलेली झिंक फॉस्फाइडची गोळी, मेलेलं वासरू, डुकरांसाठी कुणी टाकलेलं काहीबाही, वावरात तोंड घालण्यासारखं भरपूर असतं. सहा शब्दांत जीव वाचवणारे दोनच, ‘सोड’ आणि ‘ये’.

२३ ऑगस्ट

काल पोळा, आज तान्हा पोळा. काल तोरणाखाली बैल उभे, डफडी, झडत्या (पोळ्याची गाणी), गर्दी. बादलला तिथं नेलं नाही. मारुतीच्या पारामागच्या गल्लीत, आवाज येईल पण माणसं लांब दिसतील एवढ्या अंतरावर बसवलं. कान टवकारलेले, पण खाऊ घेत होता. खाऊ घेणं बंद झालं तर समजायचं की आपण फार जवळ आलो. काल ती वेळ आली नाही, डफडी थांबायच्या आधीच घरी परतलो.

आज पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार आली. चाकांचा खडखडाट त्याला डफड्यांपेक्षा जास्त झोंबला. पहिल्या नंदीवर भुंकला. धाकटीने (माझी मुलगी) स्वतःचा नंदी स्थिर उभा ठेवला, त्याने हुंगला, तिने तो वीतभर ढकलला. मग खाऊ, मग आणखी वीतभर. संध्याकाळी नंदी ओसरीभर फिरत होता आणि हा लोळत होता. पोरांना बोजारा (नंदी दाखवल्याची ओवाळणी) मिळाला, याला कलेजी.

९ सप्टेंबर

दोरीवर चालणं. ओढलं की मी थांबते, दोरी सैल झाली की चालते. वळणं जास्त घेते, म्हणजे त्याला माझ्याकडे लक्ष ठेवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. गळ्यात साधा पट्टा, लांब दोरीसाठी छातीचा पट्टा. गळफास बसणारी साखळी बाजारात सर्रास मिळते, ती घेतली नाही.

घरात एकाने ओढू दिलं की आठवडा मागं जातो. यांना सकाळी घाई असते, म्हणून यांनी त्याला फिरवायचंच नाही असं ठरलं.

मोठ्याचे मित्र मोटारसायकलमागं कुत्रं पळवायचा आग्रह धरतात. मोठ्या जातींची हाडं पंधरा-अठरा महिन्यांपर्यंत वाढत असतात, तोवर असलं पळणं आणि बैलबंडीवरून उड्या बंद.

२८ सप्टेंबर

आज जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांची पुण्यतिथी. तिसऱ्या महिन्यात दिलेल्या रेबीज लशीची नोंद दाखवून पुढच्या डोसची तारीख लिहून घेतली. डॉक्टरांनी तोंड उघडून दात बघितले, कानात बॅटरी मारली, बादल उभा राहिला. हे आपोआप झालेलं नाही. रोज संध्याकाळी गोचीड बघताना कान, बोटांमधली बेचकी, शेपटीखाली, ओठ असा हात फिरवायचा आणि प्रत्येक जागेला खाऊ, असं जुलैपासून चालू आहे. गोचिडांतून येणारा ताप आपल्याकडे कुत्र्यांना फार सतावतो, तेव्हा ही तपासणी कायमचीच. हात लावू न देणारं ३५ किलोंचं कुत्रं आजारी पडलं तर त्याला धरायला चार माणसं लागतात आणि तरी इंजेक्शन नीट बसत नाही.

गावातल्या भटक्या कुत्र्यांनाही लस हवी, यावर डॉक्टरांशी बोलले. डिस्टेंपर कुत्र्यांपुरता राहत नाही, २०१८ मध्ये गीरच्या सिंहांना तो झाला होता. आमच्या शिवाराला लागून बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे.

८ ऑक्टोबर

आता खरं काम. सोयाबीनची सवंगणी (कापणी) चालू, वावरात माणसं आहेत. बाया यायच्या आधीची ही रंगीत तालीम.

पोतं म्हणजे युरियाचं प्लास्टिकचं नव्हे, तागाचा बारदाना. घडी करून खांद्यावर टाकला की कुठंही नेता येतो आणि त्याची जागा त्याच्याबरोबर फिरते. आधी ओसरीवर: पोत्यावर पाय पडला की ‘यस’. चारही पाय पडले की. मग आडवा झाला की. आडवा झाल्यावर खाऊ हातातून द्यायचा नाही, पोत्यावर टाकायचा, म्हणजे त्याचं लक्ष माझ्या हाताकडे न राहता पोत्याकडे राहतं. आता पोतं अंथरलं की शब्दाआधीच जाऊन पडतो.

‘थांब’मध्ये तीन धागे असतात: किती वेळ, मी किती लांब आणि आजूबाजूला काय चाललंय. एका वेळी एकच ताणायचा आणि तो ताणताना बाकीचे दोन सैल करायचे. गोठ्याजवळ बराच वेळ पडून राहणारा बादल थ्रेशरच्या आवाजात क्षणभरही टिकेना, म्हणून थ्रेशरपासून खूप लांब, मी अगदी शेजारी, अशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काकाजींचा ओंडका आठवत होता.

आणखी एक पक्कं केलं. थांबवलेल्या कुत्र्याला लांबून ‘ये’ म्हणून बोलवायचं नाही. मी त्याच्याकडे जाते, खाऊ देते, मग ‘सुट्टी’. लांबून बोलवत गेलं तर ते थांबत नाही, बोलावण्याची वाट बघत ताठ बसतं. मला ताठ बसलेलं कुत्रं नको. एका कुशीवर पडून, मागचे पाय एका बाजूला टाकून, डोकं जमिनीला टेकलेलं हवं. डोकं टेकल्याला वेगळं बक्षीस देते. त्याला शब्द नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

खाऊ आता दर वेळी नाही. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने, कधी एकदम तीन तुकडे. कधी मिळेल ते कळत नसलं की काम जास्त टिकतं.

१६ ऑक्टोबर

बकऱ्या. गावचा कळप आमच्या धुऱ्याने जातो आणि बादल त्यांना गोल घेरायला बघतो, खुरांकडे तोंड नेतो. चावायचं म्हणून नव्हे. ही जात जर्मनीत मेंढ्या राखायला घडवली, १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्झ यांनी तिची रीतसर नोंदणी सुरू केली. तिथं दोन्ही बाजूंना उभं पीक असायचं, मध्ये चराईची पट्टी. कुत्र्याने नांगराच्या तासाच्या कडेने दिवसभर येरझाऱ्या घालायच्या आणि मेंढ्यांना पिकात जाऊ द्यायचं नाही. थोडक्यात, धुरा राखायचा. हे मामाजींना सांगितलं तेव्हा त्या अल्सेशनबद्दल (ते त्याला अल्सेशनच म्हणतात) पहिल्यांदा त्यांच्या तोंडून बरा शब्द निघाला.

पण बकऱ्यावाल्याला त्याचं काय! त्याच्या गाभण बकऱ्या पळाल्या तर नुकसान त्याचं. म्हणून लांब दोरी, छातीच्या पट्ट्याला. कळप शंभरेक पावलांवर, आम्ही पोत्यावर. बकऱ्यांकडे पाहिलं आणि स्वतःहून मान माझ्याकडे वळवली की ‘यस’. बघू नको असं म्हणत नाही. बघून परत ये, एवढंच. बकऱ्यावाल्याशी ठरलं आहे, तो जाताना शिट्टी देतो, मी आधीच जागेवर असते.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. बादल आतल्या खोलीत, पंखा आणि टीव्ही मोठ्याने, खायला गुंतवून ठेवणारा म्हशीच्या खुराचा तुकडा. शिकवणी नाही. फटाके वाजत असताना काही शिकवायला जाऊ नये.

२९ ऑक्टोबर

२५ किलो. सात महिन्यांकडे चालला आणि नाव घेतलं की दुसरीकडे बघतो. ‘ये’ला येत नाही, येता येता झाडाला पाय वर करतो. सहाव्या महिन्यानंतर मोठी कुत्री अशी वागतातच. हट्टीपणाचा इलाज म्हणून कुणी आता मारायला सुरुवात केली तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात जाईल, हे घरात पुन्हा सांगितलं. दोरी पुन्हा लांब, अंतर पुन्हा कमी, खाऊ पुन्हा दर वेळी.

‘ये’चा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला: बांधायला, आंघोळीला, रागवायला बोलवायचं नाही. त्यासाठी आपण उठून जायचं. बोलावल्यावर आला की खाऊ आणि बहुतेक वेळा पुन्हा मोकळा.

९ नोव्हेंबर

परतीचा पाऊस रेंगाळल्याने वेचाई लांबली. आज सीतादही. दही-भात, हळद-कुंकू, पहिली बोंडं. दहीभात बघूनही बादलने पोतं सोडलं नाही. धाकटीने त्याच्यासाठी द्रोणात काढून ठेवला होता, तो ‘सुट्टी’नंतर.

१२ नोव्हेंबर

बाया आल्या. धुऱ्यावरच थांबल्या. पुढची म्हणाली, “बाई, कुत्रं बांधलं हाये ना? मंगच आमी उतरतो.”

बादल पोत्यावर होता, डोकं टेकलेलं, आणि दोरीने निंबाला बांधलेलाही होता. ते मी आधीच ठरवलं होतं. तो उठणार नाही हे मला ठाऊक आहे, त्या बायांना नाही, आणि माझ्या खात्रीवर त्यांनी पोटरी का पणाला लावावी? मोठा नाराज झाला, मोकळा ठेवून दाखवायचा होता त्याला. दाखवायचं कशाला! दोरी दिसली, बाया उतरल्या, वेचाई सुरू झाली. दोरी मात्र दिवसभर सैलच राहिली.

दर थोड्या वेळाने ओळीतून येऊन खाऊ टाकून गेले. दुपारी उन्हाबरोबर सावली सरकली तसं पोतंही सरकवलं. जेवणाच्या वेळी बाया निंबाखालीच बसायला आल्या तेव्हा त्याला मी गोठ्यात नेला. अनोळखी माणसं, उघडे डबे आणि जमिनीवर बसलेली पोरं एकदम, हा टप्पा अजून घेतलेला नाही.

३ डिसेंबर

दुसरी वेचाई चालू. तुरीवर डुकरं येतात म्हणून रात्री जागल. यांना बादल जागलीला हवाय. मी नाही म्हटलं. जंगलाच्या कडेला बिबट्या कुत्रं उचलतो हे इथं सगळ्यांना माहीत आहे आणि अंधारात डुकरामागं धावलेल्या आठ महिन्यांच्या कुत्र्याला कुठल्याच शब्दाने परत आणता येत नाही. शिवाय कुंपणाला चोरून करंट सोडणारे असतात. रात्री तो दार लावलेल्या ओसरीत. जागलीला टॉर्च, डबा वाजवायला काठी आणि हे स्वतः.

वाद झाला. मामाजी माझ्या बाजूने बोलले, म्हणजे मिरचीपासून आम्ही बरेच पुढं आलो.

११ जानेवारी २०२६

३१ किलो. फरदड (हंगाम संपल्यावरही तीच पऱ्हाटी राखून घेतलेलं पीक) ठेवायची नाही असं ठरलं, पऱ्हाटी उपटायला घेतली, वेचाईचं काम संपलं. शेवटच्या वेचाईला दोन बाया बादलच्या शेजारून ओझं घेऊन गेल्या, बाकीच्या अजून वळसा घालूनच जातात.

उरलेलं: बकऱ्यांचं अंतर तीसेक पावलांवर अडकलंय, पिल्लं झाल्यापासून ती जास्त उड्या मारतात. पाहुण्यांच्या अंगावर उड्या घरात बंद, पण ओळखीचं माणूस फाटकात दिसलं की अजून पुढचे पाय उचलतो. फाटकाच्या आत एक पोतं कायमचं टाकलं आहे. मार्चनंतर इथलं ऊन या केसाळ अंगाला झेपणार नाही, तेव्हा सगळं काम सूर्योदयाच्या आधी आणि डांबरी रस्ता बंद. काकाजी पुढच्या महिन्यात एक गोऱ्हा शिकवायला आणणार आहेत, तो अंगणात नाचेल तेव्हा बादलने पोत्यावर पडून राहायचं, ही पुढची पायरी. पहिले काही दिवस गोऱ्हा अंगणाच्या त्या टोकाला, पोतं या टोकाला.